मोटारीच्या तेलाची गाळणी कधी बदलावी?

पनवेलला मोटारींचे गाव म्हणायला हरकत नाही. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता फुटतो, कळंबोलीला पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग सुरू होतो, आणि १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून मालमोटारींची रांग येथे कधी तुटत नाही. जेथे मोटारी तेथे गॅरेजे. अशा कोणत्याही गॅरेजात थोडा वेळ उभे राहिलात, तर एक संवाद हमखास कानी पडेल. मेकॅनिक विचारतो, "साहेब, ऑइल बदलतोय. फिल्टरपण टाकू का नवीन?" मालक म्हणतात, "राहू दे, पुढच्या वेळी बघू."

मालकांचा हा निर्णय बरोबर की चूक? विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. तो भौतिकशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला तुम्हाला शाळेत शिकवलेले पुष्कळसे पुरेल.

प्रथम तेलाचे काम पाहू. इंजिनातील भुजादंड ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्या दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो. इंजिन नीट चालू असताना धातूला धातू लागतच नाही. भुजादंड जणू तेलावर तरंगत फिरतो. हा थर जेथे सर्वांत पातळ असतो, तेथे त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. या थरात १०-१५ मायक्रॉनचा एखादा कठीण कण शिरला, की तो दोन्ही पृष्ठभागांना एकदम ओरखडे काढतो.

हे कण येतात कोठून? काही धातूच्या झिजेतून सुटतात, काही हवेबरोबर येतात. १.२ लिटरचे चार-धावी इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर अ‍ॅक्सलरेटर पूर्ण दाबलेला असताना ते मिनिटाला सुमारे १,२०० लिटर हवा ओढते. तासाला झाली ७२ घनमीटर. म्हणजे ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्गखोलीतील सगळी हवा! पनवेलच्या आसपास काळ्या दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. बेसॉल्ट खडकातील फेल्डस्पार या खनिजाची कठीणता मोहच्या मापपट्टीवर ६ आहे. बेअरिंगचा मऊ धातू त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून तेलाच्या गाळणीचा विचार करताना हवेच्या गाळणीला विसरून चालत नाही. निम्मी लढाई तेथेच होते.

आता कोणी म्हणेल, कण जड असतात, ते तेलाच्या टाकीत तळाशी बसतीलच की! गाळणी कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली दिलेल्या सूत्रात आहे. द्रवातून खाली जाणाऱ्या बारीक गोल कणाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे घट्टपणाच्या, व्यस्त प्रमाणात घटतो. मी आकडे घालून पाहिले. गरम तेलात (श्यानता ०.०१ पास्कल-सेकंद) २० मायक्रॉन व्यासाचा लोखंडाचा कण सेकंदाला सुमारे ०.१५ मिलिमीटर वेगाने खाली जातो. १० सेंटिमीटर खोल तेलाचा तळ गाठायला त्याला ११ मिनिटे लागतील. २ मायक्रॉनच्या कणाचा व्यास एक-दशांश, म्हणून वेग एक-शतांश. त्याला १८ तासांहून अधिक वेळ लागेल. पण इंजिन बंद केले की तेल थंड होते आणि त्याची श्यानता वीसपट होऊ शकते. मग हेच १८ तास पंधरा दिवसांवर जातात! काजळीचा कण तर ०.१ मायक्रॉनचाही असू शकतो, आणि त्याची घनताही लोखंडापेक्षा कितीतरी कमी. तो गरम तेलातसुद्धा दिवसाला ०.०५ मिलिमीटर एवढाच उतरेल. शिवाय तेलाच्या रेणूंचे धक्के त्याला इकडून तिकडे ढकलत राहतील ते वेगळेच. थोडक्यात, बारीक कण आपणहून तळाला बसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून गाळणी. ती मोटारीत आली १९२३ साली. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याने ही युक्ती काढली. त्यापूर्वी तेल वरचेवर बदलत राहणे एवढाच उपाय होता.

आजच्या गाळणीचा डबा कापून पाहिला, तर आत घड्या घातलेला जाड कागद दिसतो. घड्या कशासाठी? डब्यातील कागदाची गुंडाळी ७ सेंटिमीटर व्यासाची आणि ८ सेंटिमीटर उंच आहे असे समजा. साधा कागद गुंडाळला तर क्षेत्रफळ सुमारे १७६ चौरस सेंटिमीटर भरेल. पण १.२ सेंटिमीटर खोलीच्या ५० घड्या घातल्या, तर ५० × २ × १.२ × ८ म्हणजे ९६० चौरस सेंटिमीटर! तेवढ्याच डब्यात पाचपटीहून जास्त कागद मावला.

एवढा कागद लागतो याचे कारण मोठे सुंदर आहे. फ्रान्समधील प्वाझय या डॉक्टरने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा अभ्यास केला; त्याला खरे कुतूहल रक्तवाहिन्यांचे होते. त्याचा नियम सांगतो की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. कागदाची छिद्रे निम्म्या व्यासाची केली, तर प्रत्येक छिद्रातून सोळावा हिस्साच तेल जाईल. तेवढ्याच जागेत छिद्रे चौपट बसतील हे खरे, तरी एकूण प्रवाह चौथा हिस्साच उरेल. म्हणजे दुप्पट बारीक गाळायचे तर कागद चौपट हवा, नाहीतर पंपाचा दाब चौपट हवा. म्हणूनच साधारण गाळणी २०-३० मायक्रॉनचे बहुतेक कण धरते, त्याहून लहानांपैकी काही धरते आणि काजळी जवळजवळ सगळी सोडून देते. तेल काळे होते म्हणजे गाळणी निकामी झाली, असे समजू नका. काळेपणा गाळणे हे तिचे कामच नव्हे.

कागदावर गाळ साचू लागला की काय होते? सुरुवातीला तुम्हाला उलटे वाटेल असे घडते: गाळणी सुधारते! साचलेले कण छिद्रे अरुंद करतात आणि अधिक बारीक कण अडकू लागतात. चहा गाळताना गाळणीत चोथ्याचा थर बसला, की खाली येणारा चहा अधिक निवळ पण हळू येतो, तसेच. म्हणून दर हजार किलोमीटरला नवी गाळणी लावणाऱ्या हौशी मालकाचा पैसा फुकट जातो असे माझे स्पष्ट मत आहे.

पण हा फायदा फार टिकत नाही. गाळ वाढला की कागदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातील फरक वाढतो. तो सुमारे एका वातावरणाएवढा झाला, की गाळणीतील एक छोटी झडप उघडते आणि तेल कागदाला वळसा घालून न गाळताच बेअरिंगकडे जाते. ही झडप मुद्दाम ठेवलेली आहे. घाणेरडे तेल मिळणे वाईट, पण तेल अजिबात न मिळणे त्याहून वाईट. थंडीच्या सकाळी तेल घट्ट असते तेव्हाही ती क्षणभर उघडू शकते. गंमत अशी, की ती उघडली तरी चालकाला कळत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. गाळणी "चालू" आहे असे वाटत असते आणि ती काहीच गाळत नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत तेल आणि गाळणी बदलण्यासाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे काहीसे सांगितलेले असते. (तुमच्या मोटारीची पुस्तिका सांगेल तोच आकडा खरा.) किलोमीटर समजले, पण वर्ष कशाला? मोटार उभी असेल तर काय झिजणार?

येथे रसायनशास्त्र मदतीला येते. पेट्रोलमधील ऑक्टेनच्या ११४ ग्रॅमपासून ज्वलनानंतर १६२ ग्रॅम पाणी होते. या हिशेबाने एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! बहुतेक पाणी वाफ होऊन धुराड्यातून जाते, पण थोडी वाफ दट्ट्याच्या कड्यांजवळून खाली तेलात उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ती पुन्हा उडून जाते. घर ते पनवेल स्टेशन एवढीच दोन-तीन किलोमीटरची फेरी रोज होत असेल, तर तेल नीट तापतच नाही. मग पाणी, न जळालेले पेट्रोल आणि काजळी यांचा चिखल गाळणीत बसतो. उलट रोज खोपोलीपर्यंत जाऊन येणाऱ्या मोटारीचे किलोमीटर जास्त पडतील, पण तिचे तेल बरे राहील. छोट्या फेऱ्या, धूळ, घाटाची चढण, रखडती वाहतूक अशा वापरासाठी पुस्तिकेत सहसा कमी अंतर दिलेले असते. ते पान मात्र कोणी उघडत नाही. शिवाय इंजिन बंद असताना गाळणीतील तेल परत वाहून जाऊ नये म्हणून आत रबराची एक झडप असते. रबर कालांतराने कडक होते. मग सकाळी इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण बेअरिंगला तेल उशिरा पोचते.

"पुढच्या वेळी बघू" म्हणणाऱ्या मालकांचा हिशेबही करू. इंजिनात ३.५ लिटर तेल मावते आणि जुन्या गाळणीत ०.३ लिटर राहून जाते असे धरले, तर नव्या तेलात शेकडा साडेआठ भाग जुने, मळलेले तेल पहिल्याच दिवशी मिसळले. त्यात ती गाळणी आता २०,००० किलोमीटर चालायची, आणि तिची झडप केव्हा उघडेल हे कोणालाच सांगता येत नाही. तेलाच्या डब्यापुढे गाळणीची किंमत थोडी असते. तेव्हा माझे उत्तर असे: तेल बदलाल तेव्हा गाळणी बदला, आणि एरवी तिला हात लावू नका.

शिक्षकांना वर्गात दाखवता येईल असा एक प्रयोग आहे. ओळखीच्या गॅरेजातून उतरवलेली गाळणी मागून आणा. डबा मेकॅनिककडूनच कापून घ्या. हातमोजे घाला, कारण वापरलेले तेल त्वचेला अपायकारक असते. कागद निथळू द्या, घड्या उलगडून पट्टी मोजा आणि क्षेत्रफळ काढा. मग चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कागदावरून फिरवा. चिकटतील ते लोखंडाचे कण. चमकणारे पण न चिकटणारे कण दिसले, तर ते अ‍ॅल्युमिनियमचे किंवा बेअरिंगच्या धातूचे असू शकतील. उरलेले तेल मोरीत ओतू नका, गॅरेजच्या पिंपात परत द्या. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग ०.३ मायक्रॉन जाडीचा धरला, तर एक लिटर तेल किती चौरस मीटर पाणी झाकेल? १३ मीटर × १० मीटरची कबड्डीची किती मैदाने होतील? उत्तर काढा, आणि गाढी नदीचे पात्र किती रुंद आहे तेही एकदा पुलावरून अजमावून पाहा.