सहाचे विभाजक आणि आठचे विभाजक

प्रश्न : ६ चे विभाजक १, २, ३, ६ आणि ८ चे १, २, ४, ८. ज्याने भाग जातो तो खाली, ज्याला जातो तो वर, असा क्रम धरून मी १ ला १, २ ला २, ३ ला ४ आणि ६ ला ८ जोडला. कुठेच क्रम मोडला नाही. तरी या रचना एकरूप का नाहीत?
– एक वाचक, तिसगाव (ता. पाथर्डी)

उत्तर : तुमची जोडणी बरोबर आहे. पण एकरूप ठरायला क्रम उलट येतानाही टिकावा लागतो. आता उलट या. २ ने ४ ला भाग जातो; त्यांचे जोडीदार २ आणि ३, त्यांच्यात मात्र जात नाही. जाताना जुना क्रम टिकला, पण एक नवा क्रम आत शिरला.

तुमच्या भागातला पावसाळी कांदाच घ्या. पाऊस झाला की रोप टाकायचे आणि रान तयार करायचे. यांत आधी काय, याला बंधन नाही. दोन्ही झाल्याशिवाय लागण मात्र नाही. ही मांडणी हुबेहूब ६ च्या विभाजकांची. राबणारा एकटाच असेल तर तो कामे ओळीने लावतो : पाऊस, रोप, रान, लागण. ही ओळ म्हणजे ८. एकही काम अवेळी झाले नाही, पण नुसती ओळ वाचणाऱ्याला वाटेल, रोप टाकल्याशिवाय रानात औत घालताच येत नाही. कोणताही अंशतः क्रम (ज्यात काही जोड्यांत खाली-वर ठरलेले नसले तरी चालते) असा एका ओळीत बसवता येतो, हे पोलंडच्या एडवर्ड श्पिलरायन यांनी १९३० साली सिद्ध केले. बसवता येतो म्हणजे तो तसाच राहतो असे नव्हे.

सांत संचांसाठी एक सुंदर कसोटी आहे. खाली-वर नाते असलेल्या जोड्या मोजा : ६ मध्ये पाच, ८ मध्ये सहा. क्रम राखणारी एकास-एक जोडणी मिळाली आणि हे आकडेही जुळले, तर उलट तपासायला नको; जादा नाते शिरायला जागाच उरत नाही. अनंत संचांत ही मोजणी चालत नाही.

एकरूप ते एकच मानल्याने केवढा फरक पडतो पाहा. नावे दिलेल्या चार वस्तूंवर २१९ अंशतः क्रम लागतात. एकरूप ते एक धरले की उरतात फक्त १६. ठाकरे, पवार आणि वाफारे या आपल्या महाराष्ट्रातल्या गणितज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जालकांच्या (ज्यांत कोणत्याही दोन घटकांना सर्वांत जवळचा सामाईक वरचा आणि खालचा घटक असतो अशा अंशतः क्रमांच्या) काही वर्गांची अशीच मोजदाद आहे.

आता १२ आणि १८ घ्या. २ ला ३ शी आणि ३ ला २ शी जोडा; ४ ला ९ शिवाय जोडीदार मिळतो का, पाहा.