साखरेचा सोबती

शहाद्याच्या शिवारांत ऊंस पिकतो, व जवळच पुरुषोत्तमनगर येथें सहकारी साखर कारखाना उभा आहे. साखरेची गोडी आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु खाल्लेली साखर रक्तांत कशी पोहोंचते, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

लहान आंतड्याच्या आंतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. त्यांच्या पृष्ठभागावर साखरेचे ग्लूकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. फ्रुक्टोज स्वतंत्र वाटेनें आंत जातें. ग्लूकोजला मात्र सोबती लागतो. तो सोबती म्हणजे मिठांतील सोडियम होय. पेशीच्या आवरणांतील एक वाहक प्रथिन सोडियमचे दोन कण व ग्लूकोजचा एक कण एकदमच आंत घेतें. पेशीच्या रक्ताकडील बाजूस असलेला पंप ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर टाकतो. त्यामुळें आंत सोडियम नेहमीं कमी राहतें, व बाहेरचें सोडियम आंत शिरतांना ग्लूकोजलाही ओढून नेतें. पुढें दुसऱ्या वाहकांतून ग्लूकोज रक्तांत उतरतें. डाळ-दुधांतील प्रथिनांपासून होणारीं अमिनो आम्लेंही बहुतांशीं सोडियमच्याच सोबतीनें आंत जातात.

ही सोबतीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं प्राग येथें मांडली. तिचें महत्त्व असें कीं, साखर व मीठ जिकडे जातात तिकडे पाणीही जातें. पटकींत आंतड्यांतून पाण्याचे लोट वाहतात, तरी हें द्वार उघडेंच राहतें. १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत शिरेंतून देण्याचें सलाईन अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लूकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचें पाणी रोग्यांस पाजविलें. शेंकडा तीसच्या सुमारास असलेलें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा चारांहून खालीं आलें.

सातपुड्याच्या पाड्यांवरून दवाखाना दूर असतो, आणि जुलाब झालेलें बालक वाट पाहूं शकत नाहीं. क्षारसंजीवनीची पुडी न मिळाल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून तें घोट-घोट पाजावें, अंगावरचें दूध चालूं ठेवावें, आणि दवाखान्याची वाट धरावी. माप मात्र बिघडूं देऊं नये : साखर अधिक झाल्यास ती उलट शरीरांतील पाणी आंतड्यांत ओढते, आणि मीठ अधिक झाल्यास बालकाच्या जिवास धोका असतो. विद्यार्थिमित्रहो, हा धडा वहींत न ठेवतां घरीं अवश्य सांगा.