धमकी आणि मतपेटी
(दक्षिण आफ्रिकेच्या १९९४ च्या निवडणुकीवरून एक पाठ)

निवडणूक जवळ आली म्हणजे खेड्यापाड्यांतून एक प्रकारचें बोलणें कानीं पडतें: "अमक्याला मत दिलेंत तर पाहून घेऊं, पाणी तोडूं, वाट अडवूं." थोडक्या घरांच्या मंडळीस हें बोलणें फार मोठें वाटतें. अशा धमकीस बळ किती असतें व तें कोठून येतें, हें समजावें म्हणून ह्या पाठांत दक्षिण आफ्रिकेची हकीकत घेतली आहे. तेथें धमकी एका गांवास नव्हे, सबंध देशास दिली गेली होती.

त्या देशांत काळे, गोरे, मिश्रवर्णी व हिंदी वंशाचे असे नाना लोक राहतात. वर्णभेदाच्या राज्यांत बहुसंख्य काळ्या लोकांस देशाच्या कारभारांत मत नव्हतें. १९९० मध्यें नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या बंदिवासांतून सुटले, आणि पुढें सर्वांस मताधिकार देण्याविषयीं बोलणीं सुरू झालीं. ज्यांस हें नको होतें त्यांनीं युद्धाची भाषा आरंभिली.

१० एप्रिल १९९३ रोजीं क्रिस हानी ह्या लोकप्रिय काळ्या पुढाऱ्याचा त्याच्या घराच्या दाराशीं खून झाला. मारणारा पोलंडहून येऊन राहिलेला गोरा होता. आतां काळे व गोरे एकमेकांवर तुटून पडतील, असा त्यामागें हिशेब होता. तो चुकला कोठें? शेजारच्या एका गोऱ्या बाईनें मारेकऱ्याच्या मोटारीचा क्रमांक टिपून पोलिसांस कळविला. ती आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या समाजांतली होती. मंडेलांनीं दूरचित्रवाणीवर बोलतांना हीच गोष्ट खवळलेल्या लोकांपुढें ठेविली. धमकी देणारा नेहमीं "आमचे लोक" असें म्हणतो; पण ते लोक त्याच्या मुठींत असतातच असें नाहीं.

बोलणीं थांबलीं नाहींत. उलट जूनमध्यें निवडणुकीची तारीख ठरली, २७ एप्रिल १९९४. त्याच महिन्यांत यूजीन टेरब्लांश ह्यांच्या सशस्त्र संघटनेनें बोलण्यांच्या इमारतीची कांच चिलखती गाडीनें फोडून आंत धिंगाणा घातला.

मार्च १९९४ मध्यें ह्या बळाची खरी परीक्षा झाली. काळ्यांस वेगळें ठेवण्याकरितां जीं नांवाचीं स्वतंत्र राज्यें निर्माण केलीं होतीं, त्यांपैकीं बोफुथत्स्वाना हें एक. तेथील अधिपति लुकास मंगोपे ह्यांनीं निवडणुकीस नकार दिला, तेव्हां सरकारी नोकरांनीं संप केला. मंगोपेंच्या मदतीस माजी सेनापति कॉन्स्टंड व्हिल्युन ह्यांचे स्वयंसेवक आले. टेरब्लांश ह्यांचे लोकही घुसले व रस्त्यांतील माणसांवर गोळ्या झाडूं लागले. तें पाहून मंगोपेंचे स्वतःचेच शिपाई उलटले! मंगोपेंचें राज्य गेलें, आणि व्हिल्युन ह्यांनीं बंदुकीचा नाद सोडून आपला पक्ष निवडणुकींत उतरविला.

त्यांस जाण्यास दुसरें दार उघडें होतें, हें येथें विसरूं नये. मतांच्या प्रमाणांत जागा मिळणार होत्या. म्हणून लहान पक्षही अगदींच बाहेर पडणार नव्हता. त्यांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. आफ्रिकानरांच्या स्वशासनाच्या मागणीचा विचार करण्याचा करार २३ एप्रिल रोजीं झाला. पण त्या मागणीस पाठबळ किती, हें मतें मोजूनच ठरावयाचें होतें.

झुलू लोकांत बळकट असलेल्या इन्काथा पक्षाचाही असाच हट्ट होता. त्याच्या व आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या झगड्यांत हजारों माणसें मेलीं होतीं. परदेशांतील मोठमोठे मध्यस्थ आले व परत गेले. केनियाचे वॉशिंग्टन ओकुमु मात्र मागें राहिले, आणि १९ एप्रिल रोजीं इन्काथानें निवडणुकीस होकार दिला. मतपत्रिका छापून झाल्या होत्या! तेव्हां प्रत्येकीच्या तळाशीं इन्काथाच्या नांवाची पट्टी चिकटविण्यांत आली. १९९१ च्या शांतता करारापासून तेथील ख्रिस्ती मंडळ्या व व्यापारी मिळून ठिकठिकाणीं भांडणाऱ्या पक्षांस एका खोलींत बसवीत होते. ह्या कामास कीर्ति थोडी मिळाली, पण आमच्या मतें त्याचें मोल मोठें आहे.

२४ एप्रिल रोजीं जोहान्सबर्ग येथें बाँब फुटून ९ माणसें मेलीं. दुसऱ्या दिवशीं जर्मिस्टन येथें १०. तरीही मतदान झालें. गोऱ्या मालकिणी व काळ्या मोलकरणी एकाच रांगेंत तासन् तास उभ्या राहिल्या. धमकी प्रत्येकास एकट्याला गांठते. रांगेंत उभें राहिलें म्हणजे आपण एकटे नाहीं हें दिसतें, आणि पडद्याआड कोणावर खूण केली हें कोणासही कळत नाहीं. सुमारें १ कोटी ९७ लक्ष लोकांनीं मत दिलें.

४०० जागांपैकीं मंडेलांच्या पक्षास २५२, इन्काथास ४३ व व्हिल्युन ह्यांस ९ मिळाल्या. इन्काथाचे मँगोसुथू बुथेलेझी गृहमंत्री झाले. मंडेला परदेशीं गेले असतां कित्येक वेळां हंगामी अध्यक्षाचें काम त्यांच्याकडेच सोंपविलें जाई.