काजूचा रोठा प्रयोगशाळेत वाढवायचा, तर खर्च किती?

काजूच्या बुंध्याशी डिंक आणि लालसर भुसा दिसला, की आत खोडकिडा, म्हणजे रोठा, शिरला म्हणून समजा. प्रकल्पासाठी ही अळी कृत्रिम खाद्यावर वाढवू पाहणाऱ्या गगनबावड्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी हा हिशेब. दर अंदाजे आहेत, कोल्हापुरात विचारूनच घ्या.

एक किलो खाद्याला सुरुवातीला वाळवून दळलेली काजूची साल 150 ग्रॅम, बेसन 100, साखर 40, यीस्ट 30, अगर 20, क जीवनसत्त्व 4 आणि बुरशीसाठी मिथाइल पॅराबेन 2 ग्रॅम घ्या, बाकी पाणी. यात महाग अगरच. तरी किलोमागे 100 ते 150 रुपयांत भागतं. साल फुकट मिळते, पण फवारलेल्या झाडाची नको. अळ्या मरतील आणि दोष खाद्यावर जाईल.

निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्हच्या फंदात पडू नका. दोनेक हजारांचा प्रेशर कुकर पुरतो, मात्र तो परत स्वयंपाकघरात नेऊ नये. क जीवनसत्त्व आणि यीस्ट एकदम घालू नका: यीस्ट शिजवताना, जीवनसत्त्व मिश्रण 60 अंशांखाली उतरल्यावर, गोठण्याआधी. उकळत्यात घातलं तर ते पैसे पाण्यात.

प्रत्येक अळीला स्वतंत्र डबी हवी, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात. 30 डब्यांचे 300 रुपये धरा. दर तीन आठवड्यांनी खाद्य बदलायचं, म्हणजे सहा महिन्यांत दहा-अकरा किलो, सुमारे दीड हजार. तापमापक, आर्द्रतामापक आणि बल्ब लावलेली थर्माकोलची पेटी यांना हजारभर. एकूण पाच हजारांच्या आतबाहेर.

खरा खर्च वेळेचा आहे. अळीची अवस्थाच सहा-सात महिन्यांची. मग ती चुनखडीसारखा कडक कोश करते, तो फोडून बघायचा मोह आवरावा लागतो. त्यात गगनबावड्याचा पाऊस, वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक. जुलैत डबीचं झाकण उघडलं की खाद्यावर पांढरी लव आलेलीच. म्हणून अळ्या ऑक्टोबरात गोळा करा, म्हणजे जूनच्या आत कोशापर्यंत पोचाल. सल्ल्यासाठी घाटाखाली वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे.

बागायतदारांनी मात्र यात एक रुपयाही घालू नये. पटाशीने साल तासून अळी काढा. एका दिवसाच्या मजुरीत कितीतरी झाडं तपासून होतात.