देहदानाचा फॉर्म भरला, पण घरात सांगितलं का?



मागे आमच्या ओळखीच्या एका वस्तीत एक आजी वारल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, आणि तो आम्हीच भरून घेतला होता. निरोप मिळताच आम्ही पोहोचलो, तेव्हा तिरडी बांधून तयार होती. थोरल्या मुलाने तो फॉर्म पहिल्यांदाच पाहिला. "आईला कापायला देऊ? मला कुणीच काही सांगितलं नाही," म्हणत तो रडू लागला. आम्ही फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला आणि अंत्ययात्रेत सामील झालो.

चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती. आम्ही आजींशी बोललो, तिच्या घराशी बोललो नाही. म्हणून या वेळी देहदानाची माहिती सुरुवातीपासून देत आहोत.

देह कशाला लागतो?

डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी माणसाचे शरीर आतून शिकावे लागते. नस कुठून जाते, यकृत कुठे असते, हे चित्रात पाहणे वेगळे आणि हाताने उलगडून पाहणे वेगळे. आम्हीही नर्सिंग शिकताना शरीररचनाशास्त्र विभागात पहिल्यांदा मृतदेह पाहिला. फॉर्मालिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होते. तो माणूस कोण, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "बेवारस."

ते उत्तर आम्ही विसरलो नाही. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानुसार, ज्या देहावर ठरलेल्या मुदतीत कुणी हक्क सांगत नाही, तो वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतो. बेवारस कोण ठरतो? फूटपाथवर झोपणारा, गाव सोडून मजुरीला आलेला, ज्याच्या घरच्यांपर्यंत निरोपच पोहोचत नाही असा. त्याला कुणी विचारले नव्हते. देहदान करणारा मात्र जिवंतपणी, शुद्धीवर असताना, स्वतःच्या मनाने ठरवतो. घेतला जाणे आणि देणे यात हा फरक आहे. दान म्हणतात ते यालाच.

तीन वेगळी दाने

नेत्रदान: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत होते. घरी मृत्यू झाला तरी चालते. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा.

अवयवदान: मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे दान बहुधा मेंदूमृत रुग्णाचे, रुग्णालयातच होते. त्यासाठी १९९४ चा कायदा आहे. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

देहदान: पूर्ण देह शिक्षणासाठी देणे. नेत्रदानानंतरही देहदान करता येते. इतर अवयव काढले असतील, तर देह सहसा स्वीकारत नाहीत.

वस्तीत विचारले जाणारे प्रश्न

"अवयव काढून विकतील का?" घरी हृदय थांबून काही तास झाल्यावर मूत्रपिंड किंवा हृदय दुसऱ्याला बसवण्याच्या कामाचे राहत नाही. देह फक्त शिकण्यासाठीच उपयोगी पडतो.

"राख मिळेल का?" नाही. देह परत मिळत नाही. अभ्यास संपल्यावर उरलेल्या अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय लावते, हाडे शिकवण्यासाठी ठेवली जातात. हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा.

"धम्मात चालते का?" १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांनी आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. अग्नी कुणी द्यायचा, यावर आपली गती अडत नाही. बाबासाहेबांवर अग्निसंस्कार झाला, त्यामुळे अग्निसंस्कारातही काही चुकीचे नाही. दोन्ही वाटा खुल्या आहेत. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन तसबिरीसमोर करता येते. थायलंडसारख्या बौद्ध देशात विद्यार्थी अशा देहाला 'थोर गुरू' म्हणतात आणि शिकण्याआधी वंदन करतात. श्रीलंकेतले बौद्ध दाते तर इतर देशांतल्या लोकांनाही डोळे देत आले आहेत.

काय करायचे?

१. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून फॉर्म आणा. पैसे लागत नाहीत आणि मिळतही नाहीत.

२. फॉर्मवर साक्षीदार म्हणून मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी अशा जवळच्या माणसांच्या सह्या घ्या. मृत्यूनंतर घरच्यांनी नकार दिला, तर महाविद्यालय देह घेत नाही. तुमचे मन बदलले, तर फॉर्म केव्हाही मागे घेता येतो.

३. फॉर्मची एक प्रत, आधार कार्ड आणि विभागाचा फोन नंबर रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. त्या दिवशी कपाट शोधायला कुणाला सुचत नाही.

४. घरी मृत्यू झाला, तर मृत्यूचे कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो. वस्तीत बहुतेकदा इथेच गाडी अडते. घरात दीर्घ आजारी माणूस असेल, तर दाखला कोणते डॉक्टर देतील, हे आधीच विचारून ठेवा.

५. मृत्यूनंतर आधी विभागाला फोन करा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी देह घेतात का, गाडी कोण पाठवणार, हे फॉर्म आणतानाच विचारा. देह शक्य तितक्या लवकर पोहोचायला हवा. उशीर होणार असेल तर शीतपेटीची सोय करा.

केव्हा नाकारतात?

अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यूमुळे शवविच्छेदन झाले असेल. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, क्षयरोग असे संसर्ग असतील. किंवा देह खराब झाला असेल, तर सहसा देह घेत नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाचे नियम थोडे वेगळे असतात. नकार आला तर तो मृताचा अपमान समजू नका. विद्यार्थ्यांना संसर्ग होऊ नये, यासाठी ती काळजी असते. अशा वेळी अंत्यविधी कसा करायचा, हेही घरात आधीच बोलून ठेवा.

आज रात्री जेवताना

हा विषय अशुभ आहे असे मानून आपण टाळतो. अनित्यता शिकवणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी. आपल्याला मरणाचे नाव घ्यायला भीती का वाटावी? देहदान करायचे असो वा नसो, आज जेवताना घरात विचारा, "मी गेल्यावर माझं काय करायचं, तुम्हाला माहीत आहे का?" सून, जावई, मोठी नातवंडे, सगळ्यांसमोर बोला. कुणी नाही म्हणाले तर रागावू नका, कारण विचारा. येत्या पौर्णिमेला विहारात हाच विषय काढा.

त्या आजींचा धाकटा मुलगा पुढे आमच्याकडे आला. स्वतःचा फॉर्म मागितला आणि म्हणाला, "ताई, या वेळी दादाला आधी सांगतो." थोरल्या भावाने साक्षीदार म्हणून सही केली आहे.

भवतु सब्ब मंगलं!