उन्हातली फेरी, सोबतीला मोती



मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या आमच्या वस्तीतील विहारात शुगर आणि बीपीची तपासणी ठेवली होती. पन्नाशीची एक ताई आली. तीन घरची धुणीभांडी करते. शुगर बरीच वाढलेली निघाली. आम्ही म्हणालो, "ताई, डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नका आणि रोज अर्धा तास चाला." ती म्हणाली, "सिस्टर, दिवसभर उभीच तर असते मी. आणि बिनकामाची रस्त्यानं फिरली तर बाया म्हणतील, हिला घरी काही काम नाही का?"

तिच्या दाराशी मोती नावाचा कुत्रा बसून होता. वस्तीतलाच, पण तिच्या घरच्या भाकरीवर वाढलेला. आम्ही म्हणालो, "मग मोतीला फिरवायला न्या. कोणी विचारलं तर सांगा, कुत्र्याला फिरवते."

ताई हसली, पण दुसऱ्या दिवसापासून निघाली. आपल्या बायकांना स्वतःच्या तब्येतीसाठी अर्धा तास काढायचा तर कारण सांगावे लागते, मुक्या जनावरासाठी काढायचा तर लागत नाही. हे बदलायला हवेच. पण बदलेपर्यंत मोतीची सोबत काही वाईट नाही. या महिन्याचा धडा म्हणून या फेरीवरच आहे.

चालणे ही आपलीच शिकवण

तथागत चालत गावोगाव फिरले. अंगुत्तर निकायातील एका छोट्या सुत्तात त्यांनी चंक्रमणाचे, म्हणजे शांतपणे येरझारा घालण्याचे, पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, उद्योगाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेप्यालेले नीट पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. बुद्धगयेला महाबोधी विहाराला लागून चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. त्यामुळे चालणे हा बंगलेवाल्यांचा शौक आहे असे कोणी समजू नये.

आजचे वैद्यकशास्त्रही तेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम वेगाने हालचाल करावी. म्हणजे 30 मिनिटे, आठवड्यातून 5 दिवस. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागावा.

"आम्ही दिवसभर राबतो, मग वेगळे चालायचे कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण धुणीभांडी करताना कंबर वाकलेली, पाय एका जागी उभे आणि मनावर घाई असते. सलग चालताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करतात आणि रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर 10-15 मिनिटे चालले तरी शुगरला फरक पडतो. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या कराव्यात.

कोवळे ऊन आणि खरे ऊन

वस्तीतल्या घरांना भिंतीला भिंत लागलेली असते. गल्लीत ऊन उतरतच नाही. त्यामुळे अंग दुखणे, मांड्यांत जोर नसणे, उठता-बसताना आधार लागणे अशा तक्रारी आमच्याकडे नेहमी येतात. त्यामागे अनेकदा ड जीवनसत्त्वाची कमतरता असते.

सकाळच्या कोवळ्या उन्हात भरपूर ड जीवनसत्त्व मिळते, असा समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. सूर्य खाली असताना त्याचे ते विशिष्ट किरण आपल्यापर्यंत फार कमी पोहोचतात. सूर्य वर आल्यावर, साधारण 10 ते 3 च्या दरम्यान, ते जास्त मिळतात. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही आणि अंग पूर्ण झाकलेले असले तरी नाही.

म्हणून हिवाळ्यात सकाळी 10 च्या सुमारास, हात आणि चेहरा उघडा ठेवून 20-30 मिनिटांची फेरी उत्तम. उन्हाळ्यात मात्र हे चालणार नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी 7 च्या आत फेरी संपवावी, कारण तेव्हा उष्माघात टाळणे आधी येते. खूप अंगदुखी असेल तर दवाखान्यात दाखवा. दुकानातून पुड्या आणून स्वतःच्या मनाने महिनोन् महिने खाऊ नका, ड जीवनसत्त्व जास्त झाले तरी बाधते.

निघण्याआधी स्वतःची तयारी

1. अनवाणी चालू नका. शुगर असलेल्यांच्या पायाला जखम झालेली कळत नाही. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहा.
2. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब जाऊ नका. पदराला साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा बांधा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की बसा आणि तो खा.
3. छातीत दाब किंवा कळ, ती डाव्या हातात वा जबड्यात जाणे, धाप न थांबणे यापैकी काही झाले तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. "गॅस झाला असेल" म्हणून घरी झोपू नका.

मोतीची तयारी

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचाराची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. आपणही त्याच वाटेचे आहोत.

पहिली गोष्ट रेबीजची लस. पिल्लू 3 महिन्यांचे झाले की पहिली लस आणि पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगतील तशी, साधारण दरवर्षी. लसीचा कागद जपून ठेवा. महापालिकेत कुत्र्याची नोंदणी लागते, त्याचीही चौकशी करा.

गळ्यात पट्टा आणि हातात दोरी हवीच. दोरी मनगटाला गुंडाळू नका, कुत्र्याने हिसका दिला तर तुम्ही पडाल. लहान मुलाच्या एकट्याच्या हाती दोरी देऊ नका.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो, तीच त्याची थंड होण्याची रीत. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर 5 सेकंद टेकवा. चटका बसला तर त्याचे पायही भाजणार. तो जास्त धापू लागला, लाळ गाळू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर सावलीत न्या, साधे पाणी अंगावर टाका आणि प्यायला द्या.

परत आल्यावर कान आणि बोटांच्या मधे गोचीड पाहा. त्याची विष्ठा कागदाने उचला, कारण त्यातून जंतांची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात पोहोचतात. घरी येताच साबणाने हात धुवा.

दुसरा कुत्रा अंगावर आला तर

पळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभाव आहे. स्थिर उभे राहा, हात अंगाशी ठेवा, डोळ्यांत रोखून पाहू नका आणि हळूहळू मागे सरका. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाका. मुलांना शिकवा की खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही. दगडही मारायचा नाही. पहिले शील आपण रोज म्हणतो. शिवाय दगड खाल्लेला कुत्रा पुढच्या मुलाला चावतो. ज्या कुत्र्याच्या कानाला खाच केलेली असते त्याची नसबंदी झालेली असते आणि सहसा त्याच वेळी रेबीजची लसही दिलेली असते.

चावलाच तर: हे पाठ करा

जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात. त्यात लहान मुलांचा वाटा मोठा आहे. लक्षणे सुरू झाल्यावर हा आजार जवळजवळ कधीच बरा होत नाही, पण वेळेवर उपचार केले तर तो टाळता येतो.

- ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावून. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओता.
- हळद, तिखट, चुना, तेल, कॉफी पावडर यातले काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
- त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. ती आता दंडात देतात, पोटातली चौदा इंजेक्शने इतिहासजमा झाली.
- कातडीत देण्याच्या पद्धतीत 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी डोस असतात. स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. एकही डोस चुकवू नका.
- रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. "सीरम लागेल का?" असे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.
- नुसता ओरखडा असला किंवा उघड्या जखमेला कुत्र्याची लाळ लागली, तरी दाखवा.
- चावलेला कुत्रा घरचा असला, लस घेतलेला असला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी बसू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ही लस चालते.
- अंगारा, मंत्र, उतारा यात एक तासही घालवू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे वेगळे सांगायला नको.

बाग कोणाची?

ताई आणि मोती काही दिवसांनी जवळच्या सार्वजनिक बागेपाशी गेले. फाटकावरच्या माणसाने अडवले आणि वर ऐकवले, "वस्तीतली कुत्री इथं नको." त्याच वेळी त्याच फाटकातून दोन महागडे कुत्रे आत गेले. ताई परत आली आणि चार दिवस फिरायला निघालीच नाही.

आपल्या लोकांना हा अनुभव नवा नाही. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, तिथे आपल्या माणसांना मनाई होती. म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे संविधानाच्या कलम 15 ने विहिरी, तळी, रस्ते आणि सार्वजनिक जागांवर जातीच्या आधारे कोणालाही अडवता येणार नाही, असे लिहून दिले.

आम्ही दहा बायका अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. प्रश्न एकच होता, कुत्र्यांबाबत नियम काय आहे ते लेखी द्या. उत्तर आले, बागेत कोणाचाच कुत्रा चालत नाही. आम्ही तो नियम मान्य केला आणि तो सर्वांना सारखा लावण्याची मागणी केली. आता फाटकावर फलक आहे आणि महागडे कुत्रेही बाहेरच थांबतात. ताई सकाळी मोतीला घेऊन बागेबाहेरच्या झाडांखालच्या रस्त्याने फेरी मारते. संध्याकाळी एकटी बागेत जाते. आता तिला कारण लागत नाही. तीन महिन्यांनी तपासणी केली तेव्हा शुगर खाली आलेली होती. गोळी सुटलेली नाही, आणि सोडायचीही नाही.

या महिन्याचा धडा

पहिला आठवडा रोज 10 मिनिटे चाला, दुसरा 15, तिसरा 20 आणि चौथा 30. येत्या रविवारी वंदनेनंतर "चावलाच तर" हा भाग विहारात मोठ्याने वाचा आणि मुलांकडून म्हणवून घ्या. वस्तीतल्या कोणत्या कुत्र्यांना लस झालेली नाही याची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. कुत्रा नसेल तर शेजारणीला सोबत घ्या, पण उद्या निघा.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जय भीम!