काडी कानाबाहेर ठेवा

“कानात काय घालता?” हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारतो आणि पहिलं उत्तर बहुतेक वेळा “काही नाही” असंच येतं. मग सोबत आलेली बायको किंवा मुलगी खरं सांगते. “रोज अंघोळ झाली की बड घालतात, डॉक्टर. आणि टीव्ही बघताना स्कूटरची किल्ली.” प्रत्येकाचं हत्यार ठरलेलं असतं. कुणाला उदबत्तीची काडी लागते, कुणाला पेनाच्या टोपणाचा दांडा, कुणाला फक्त स्वतःची करंगळी, आणि तिचं नख त्यासाठीच वाढवलेलं. आज्यांकडे केसातला आकडा असतो. काही जुन्या घरांत चांदीचं कानकोरणं अजून सापडतं, दातकोरण्यासोबत एकाच कडीत अडकवलेलं. वेळही ठरलेली. एक काका शनिवारी मारुतीला तेल वाहून आले की वाटीत उरलेल्या तेलाचे दोन थेंब न चुकता कानात घालायचे. का, असं विचारलं तर म्हणाले, “बरं वाटतं.”

बरं वाटतं हे खरं आहे. कानाच्या नळीच्या कातडीत मेंदूतून निघून घशा-छातीपर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या नसेची फांदी येते, म्हणून तिथे हलकासा स्पर्शही सुखाचा वाटतो आणि काहींना कान कोरताना खोकलाही येतो. पण कोरलं की कातडी सोलवटते, सोलवटलेली कातडी सुकताना खाजते आणि खाजलं की पुन्हा कोरावंसं वाटतं. “कान कोरल्याशिवाय चैनच पडत नाही” असं सांगणाऱ्या अनेकांची ती खाज कोरण्यामुळेच आलेली असते. तीनचार आठवडे कानाला हात लावायचा नाही, एवढ्या पथ्यावर यांतल्या बऱ्याच जणांची खाज जाते. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना ड्रॉप्स हवे असतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक घट्ट समजूत आहे: कानातला मळ म्हणजे घाण, आणि दात घासतो तसा कान रोज साफ केलाच पाहिजे. नाही हो! तो मळ शरीर मुद्दाम तयार करतं. तो किंचित आम्लधर्मी असतो, जंतू आणि बुरशी यांना वाढू देत नाही, पाणी आत मुरू देत नाही आणि धूळ चिकटवून धरतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त तिच्या बाहेरच्या भागात असतात. पडद्याजवळ मळ तयारच होत नाही. नळीची कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने सरकत असते, साधारण नख वाढतं त्या वेगाने, आणि जेवताना-बोलताना जबडा हलतो त्याची तिला मदत होते. मळ आपोआप कानाच्या तोंडाशी येतो आणि गळून पडतो किंवा अंघोळीत निघून जातो.

तुम्ही बड घातला की टोकाला थोडा पिवळा मळ लागतो आणि कान साफ झाल्याचं समाधान मिळतं. उरलेला मळ मात्र आत ढकलला जातो, जुन्या तोफेत दारू ठासावी तसा. मी मायक्रोस्कोपखाली कान बघतो तेव्हा पडद्याला टेकलेली काळपट गोळी दिसते आणि कितीदा तरी तिच्यात बडच्या कापसाचे धागे गुंडाळलेले असतात. जिथे मळ तयारच होत नाही तिथे तो सापडला, तर तो कुणीतरी नेऊन ठेवलाय. त्या खोलीवर नळीची कातडी थेट हाडावर असते आणि अतिशय पातळ असते. जरा धक्का लागला की रक्त येतं. त्याच्या पुढे पडदा आणि पडद्याला जोडलेली तीन इवली हाडं. काडी कानात असताना दाराचा किंवा धावत आलेल्या नातवाचा धक्का लागून पडदा फाटलेले पेशंट आम्ही सगळेच कान-नाक-घसा डॉक्टर बघतो. १ जुलै २०२२ पासून देशात प्लॅस्टिकच्या काडीच्या बडवर बंदी आली, ती पर्यावरणासाठी. त्यानंतर “आता बांबूचा वापरतो, नैसर्गिक आहे” असं काही जण मला अभिमानाने सांगतात. बांबूनेही पडदा फाटतो.

काहींचा मळ मऊ, मधाच्या रंगाचा असतो, काहींचा कोरडा, करड्या पापुद्र्यांचा. हा फरक एका जनुकामुळे असतो. जपानी संशोधकांनी २००६ साली तो दाखवून दिला. आपल्याकडे दोन्ही प्रकार आढळतात. तेव्हा कोरडे पापुद्रे पडतात म्हणून “कान वाळलाय” असं समजून तेल ओतू नका.

तेलाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे आज्या माझ्यावर रागावतात. पडदा धड असेल आणि मळ घट्ट झाला असेल, तर चारपाच दिवस साध्या, कोमट नव्हे तर घरातल्या तापमानाच्या तेलाचे दोनतीन थेंब मळ मऊ करतात. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो लसूण घालून कढवलेल्या तेलाला. कढईतल्या तेलाचा अंदाज बोटाला येतो तो वेगळा आणि कानाच्या आत लागतो तो वेगळा. भाजलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. पडद्याला छिद्र आहे हे पुष्कळांना माहीतही नसतं. त्यांच्या कानात घातलेलं तेल सरळ मधल्या कानात उतरतं. बाळाला न्हाऊ घालताना कानात आणि नाकात तेल सोडायची रीत तर बंदच करा. नाकातलं तेल श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतं. टाळूवर लावा, अंगाला चोळा, मालिश करणाऱ्या मावशींना प्रेमाने सांगा, पण कान-नाक सोडा.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. दमट हवा, ओला कान आणि वर तेल मिळालं की बुरशी धरते. कान बेसुमार खाजतो, आत करडी-पांढरी साय जमते आणि कधी तिच्यावर काळे ठिपके दिसतात. पेशंट मेडिकलच्या दुकानातून “कानाचे ड्रॉप्स” आणतो. त्यांत अनेकदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असतं. त्याने बुरशी आणखी फोफावते. कधी शेजारणीच्या घरातली, मागच्या वर्षी फोडलेली बाटली वापरली जाते. काही ड्रॉप्समधली औषधं छिद्र असलेल्या कानात गेली तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. कान तपासल्याशिवाय कोणता ड्रॉप द्यायचा हे मला कळत नाही, मग तो दुकानदाराला काउंटरपलीकडून कसा कळेल?

मोबाइलवरच्या उपायांनी तर डोकं फिरवलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, फेस येतो म्हणजे मळ निघतो. कानात पोकळ मेणबत्ती लावा, मळ वर खेचला जातो. त्या मेणबत्तीच्या बुडाशी जे पिवळं दिसतं ते मेणबत्तीचंच मेण असतं, आणि तापलेलं मेण कानात ठिबकतं ते वेगळंच. आठवडी बाजारात आणि एसटी स्टँडवर बसणारे लाल फेट्यातले कान साफ करणारे तीच सळई एका कानातून दुसऱ्या माणसाच्या कानात घालतात. “हा बघा खडा निघाला” म्हणून तळहातावर दाखवलेला खडा तुमच्या कानातून आला होता का, हे तुम्ही पाहिलेलं नसतं. पोट हातावर असलेल्या त्या माणसावर माझा राग नाही. पण तिथे कान देऊ नका.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कान बंद वाटला की तो मळच, हे गृहीत धरणं. त्याची मोठी किंमत मोजावी लागते.

एक निवृत्त शिक्षक आले. सकाळी उठले तेव्हा उजव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटलं आणि आत बारीक शिट्टी वाजू लागली. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली होती, म्हणून पाणी गेलं असेल असं ठरलं. बड घातला. मग मेहुण्यांच्या सांगण्यावरून लसणाचं तेल. मग मेडिकलमधून ड्रॉप्स. मग बाजारात खडा काढून घेतला. माझ्याकडे आले ते महिन्याहून जास्त दिवसांनी, फोन उजव्या कानाला लावला की समोरचा काय बोलतो ते कळेना म्हणून. कान बघितला तर नळी स्वच्छ, फक्त ओरखडे. पडदा छान. मी कंपन करणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, कपाळाच्या मध्यभागी ठेवला आणि आवाज कुठे येतो असं विचारलं. त्यांनी डाव्या, चांगल्या कानाकडे बोट केलं. तेव्हाच मला कळलं. ऑडिओग्राममध्ये तेच निघालं. ऐकण्याची नस अचानक दुबळी झाली होती. हा आजार पहिल्या काही दिवसांत ओळखला तर स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून दिलेली इंजेक्शनं यांनी बऱ्याच जणांचं ऐकू येणं पूर्णतः किंवा अंशतः परत येतं. दोन आठवडे उलटले की ती शक्यता झपाट्याने घटते. आम्ही प्रयत्न केले. फार काही परत आलं नाही. “सर, तुम्ही लगेच यायला हवं होतं,” हे मला त्यांना सांगवेना. वाईट याचं वाटतं की त्या महिन्यात एकानेही त्यांना “आधी कान दाखवा” असं सांगितलं नाही.

घरी करता येईल अशी एक साधी गोष्ट आहे. तोंड मिटून “हं” असा लांब सूर काढा. कान मळाने बंद असेल तर तो सूर त्याच कानात जास्त घुमतो. सूर उलट चांगल्या कानाकडे गेला तर वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सूर बंद कानात घुमला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. ही तपासणी फक्त घाई कधी करायची हे सांगण्यापुरती आहे. एका कानाचं ऐकू येणं तास-दोन तासांत किंवा दोनतीन दिवसांत कमी झालं, तर सूर कुठेही घुमो, दाखवायचंच.

आणखी काही वेळा अशा असतात की घरगुती उपाय करूच नयेत. काडी लागल्यावर गरगरायला लागलं किंवा रक्त येऊन ऐकू कमी यायला लागलं, तर आतल्या हाडांना धक्का बसलेला असू शकतो. त्याच दिवशी या आणि तोवर कानात पाणी, तेल, ड्रॉप काहीही घालू नका. साठीच्या पुढच्या मधुमेही माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका ठणकत असेल तर तो साधा कानदुखीचा प्रकार समजू नका. अशा माणसांत संसर्ग नळीतून कवटीच्या हाडात पसरू शकतो. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली तर तो फार पुढे गेलेला असतो आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. कानातून वास मारणारा पू येत असेल तर “लहानपणापासून वाहतोच” म्हणून सोडू नका. कधीकधी पडद्यामागे कातडीची गाठ वाढत असते. ती ऐकण्याची हाडं खाते आणि दुर्लक्ष केलं तर संसर्ग मेंदूपर्यंत पोचतो. तिच्यावर ऑपरेशन हाच उपाय आहे.

लहान मुलांबद्दल वेगळं सांगतो. मूल कानात हरभरा, चवळी, ज्वारीचा दाणा घालतं. पाणी ओतू नका, दाणा फुगतो. चिमटा घालू नका, दाणा आत सरकतो. रिमोटमधला किंवा खेळण्यातला चपटा बटण-सेल कानात गेला असेल तर रात्र असली तरी निघा, कारण तो काही तासांत आतली कातडी जाळतो. किडा शिरला आणि फडफडत असेल तर मात्र, कान पूर्वी फुटलेला नसेल तर, खोबरेल तेलाचे थेंब घालून तो शांत करा आणि मग काढायला या. मूल रडतं ते त्या फडफडीच्या आवाजाने. किडा शांत झाला की मूलही शांत होतं, तेव्हा घाबरू नका.

बाकी बहुतेकांना मी एवढंच सांगेन की तुमचा कान ठीक आहे, त्याला त्याचं काम करू द्या. अंघोळीनंतर टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळून बाहेरची पाळी आणि कानाचं तोंड पुसा, त्यापुढे जाऊ नका. श्रवणयंत्र वापरणारे, दिवसभर कानात इअरफोन ठेवणारे आणि काही वयस्कर यांचा मळ खरोखर साचतो, कारण बाहेर यायची वाट अडते. त्यांनी वर्षातून एकदोनदा दाखवावं. आम्ही तो मायक्रोस्कोपखाली ओढून घेतो किंवा शरीराच्या तापमानाच्या पाण्याने धुतो. पाणी गार-गरम असेल तर चक्कर येते, म्हणून हेही घरी पिचकारीने करू नका. पाच-दहा मिनिटांचं काम असतं आणि ते सहसा दुखत नाही.

येताना आजवर कानात घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा, रिकाम्यासुद्धा. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट आणा. आणि “कानात काय घालता?” असं विचारलं की पहिल्या फटक्यात खरं सांगा. मी ओरडेन थोडं, पण उपचार लवकर सुरू होईल.